फोनला गोंगाट ऐकू येतो, मग तो आवाज का वाढवत नाही?

आपल्या पॉडकास्टच्या या भागाचं हे लिखित रूप. ज्यांनी लोकलच्या गर्दीत एका कानात इअरफोन घालून अर्धाच भाग ऐकला, त्यांच्यासाठी सालं आणि आकडे इथे नीट मांडून दिलेत.

आजचा प्रश्न अगदी साधा आहे. संध्याकाळची विरार फास्ट, भाईंदर सोडून गाडी खाडीच्या पुलावर चढलेली, डब्यात भजनी मंडळाचे टाळ सुरू. खिशातला फोन वाजतो, कुणालाच ऐकू येत नाही. घरी पोचल्यावर कळतं, चार मिस्ड कॉल. तोच फोन रात्री अकराला बेडरूममध्ये त्याच आवाजात वाजतो आणि झोपलेलं बाळ दचकून उठतं. फोनला मायक्रोफोन असतो, चांगल्या फोनला दोन-तीन असतात. म्हणजे गोंगाट त्याला ऐकू येतो. मग गोंगाट मोजून रिंग तेवढी वाढवायची, शांतता असली की कमी करायची, एवढं साधं काम तो आपलं आपण का करत नाही?

मी शिकलो इलेक्ट्रॉनिक्स, पोट भरतो सॉफ्टवेअरवर. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्ही बाजूंनी छळतो. उत्तर शोधायला आपण थोडं मागे जाऊ. सुरुवात आपल्या वसईपासूनच करू.

एकाच आवाजाची घंटा

मे १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेपुढे पोर्तुगीजांनी वसईचा किल्ला खाली केला, हे शाळेत सगळ्यांनी वाचलंय. त्या विजयानंतर इथल्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत गेल्या. भीमाशंकरला देवळासमोर एक आहे, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर एक आहे. नाशिकची ‘नारोशंकराची घंटा’ तर प्रसिद्धच आहे, तिच्यावर १७२१ हे साल कोरलेलं आहे.

मला या घंटांचं एक वैशिष्ट्य फार महत्त्वाचं वाटतं. घंटा ओतली की तिचा आवाज कायमचा ठरतो. वाजवणारा जोर कमी-जास्त करू शकतो, पण तिचा सूर आणि आवाका बदलत नाही. वसईच्या मनोऱ्यात असो की गोदावरीच्या काठावर, ती आपल्या ताकदीनेच बोलणार. भोवती किती गोंगाट आहे याचा विचार घंटा ओतणारा आधीच करून ठेवायचा, आणि त्या काळात गोंगाट फारसा नव्हताच. लहान रेल्वे स्टेशनांवर रुळाचा तुकडा टांगून त्यावर हातोडी मारायचे, तेही त्यातलंच. गाडी येतेय हे एका ठोक्यात सगळ्या फलाटाला कळायचं.

टेलिफोनची घंटा हीच पद्धत घेऊन आली. ग्रॅहॅम बेलचा सहकारी थॉमस वॉटसन याने १८७८ मध्ये विजेच्या उलटसुलट प्रवाहावर वाजणारी घंटा बनवली: दोन वाट्या आणि मधे हलणारा टोला. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ मध्ये सुरू झालं. पुढे अमेरिकेत १९४९ च्या सुमाराला आलेल्या ‘मॉडेल ५००’ फोनच्या तळाला एक छोटं चाक होतं. ते फिरवलं की घंटेचा आवाज कमी-जास्त व्हायचा. म्हणजे आवाज बदलता येऊ लागला, पण तो ठरवायचा माणसानेच.

पहिलं सर्किट आपल्याच घशात

गोंगाट ऐकून आपोआप आवाज वाढवणारी पहिली यंत्रणा कुठली माहितीये? आपण स्वतः. पॅरिसमध्ये एत्येन लोंबार नावाचा कान-नाक-घशाचा डॉक्टर होता. त्याच्या लक्षात आलं, की पेशंटच्या कानात घरघर करणारं यंत्र लावलं की पेशंट आपोआप मोठ्याने बोलायला लागतो, आणि यंत्र बंद केलं की त्याचा आवाज परत खाली येतो. पेशंटला स्वतःला याची जाणीवही नसते. लोंबारने हे १९११ मध्ये प्रसिद्ध केलं. बहिरेपणाचं सोंग घेणारे पकडायला ही युक्ती फार कामाला आली. खरोखर बहिरा असलेल्या माणसाचा आवाज वाढत नाही, सोंग करणाऱ्याचा वाढतो!

याला आज ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. गाडी पुलावर चढली की आपण गप्पांचा आवाज चढवतो, आणि गाडी अचानक थांबली की आपलं शेवटचं वाक्य अख्ख्या डब्याला ऐकू जातं, तो हाच परिणाम.

रेडिओ आणि फेरीबोट

यंत्राला ही अक्कल द्यायची कल्पना रेडिओवाल्यांकडून आली. १९२० च्या दशकात रेडिओचं बटण फिरवताना दूरचं स्टेशन कुजबुजायचं आणि जवळचं एकदम कानठळ्या बसवायचं. जानेवारी १९२६ मध्ये हॅरोल्ड व्हीलर या तरुण अमेरिकन इंजिनियरने त्यावर उपाय काढला. आलेला सिग्नल किती जोरात आहे ते एका डायोडने मोजायचं, आणि त्या मापानुसार आधीच्या ॲम्प्लिफायरला मागे खेचायचं. याचं नाव ‘ऑटोमॅटिक व्हॉल्यूम कंट्रोल’. १९२९ मध्ये फिल्को कंपनीच्या रेडिओत ते घराघरात पोचलं. वय काय होतं व्हीलरचं? पंचविशीसुद्धा गाठली नव्हती.

दुसरी गोष्ट आपल्यासारख्या रोज ये-जा करणाऱ्यांना आवडेल. हॅरोल्ड ब्लॅक बेल लॅब्जमध्ये कामाला होता. २ ऑगस्ट १९२७ ला सकाळी तो न्यू जर्सीहून फेरीबोटीने मॅनहॅटनला कामावर निघाला होता. वाटेतच त्याला ‘निगेटिव्ह फीडबॅक’ सुचला. बाहेर पडणाऱ्या सिग्नलचा थोडा भाग उलटा करून परत आत द्यायचा, म्हणजे यंत्र स्वतःला सावरतं. लिहायला कागद नव्हता, म्हणून त्याने हातातल्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या पानावरच आकृती काढली. विरार-चर्चगेट रोज करणाऱ्यांनो, खिशात पेन ठेवा!

फीडबॅक हा शब्द लक्षात ठेवा. निगेटिव्ह म्हणजे सावरणारा आणि पॉझिटिव्ह म्हणजे भडकवणारा. माइक स्पीकरसमोर धरला की जी शिटी वाजते, तो भडकवणारा.

चार पार्टचं काम

आता सर्किटकडे येऊ. घाबरू नका, स्वयंपाकाएवढंच सोपं आहे.

पहिला पार्ट मायक्रोफोन. १९६२ मध्ये बेल लॅब्जमधल्या गेरहार्ड सेसलर आणि जेम्स वेस्ट यांनी इलेक्ट्रेट मायक्रोफोन शोधला. तो इतका छोटा आणि स्वस्त निघाला की पुढची कित्येक वर्षं टेपरेकॉर्डरपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे तोच होता. दुसरा पार्ट ॲम्प्लिफायर, कारण मायक्रोफोनचा सिग्नल अगदी बारीक असतो. तिसरा डायोड आणि त्याला जोडलेला कपॅसिटर. डायोड सिग्नलला एकाच दिशेने जाऊ देतो. कपॅसिटर पाण्याच्या टाकीसारखा हळूहळू भरतो आणि हळूहळू रिकामा होतो. टाकीत किती पाणी आहे, म्हणजे किती व्होल्ट आहेत, तो झाला सरासरी गोंगाट. चौथा पार्ट म्हणजे त्या व्होल्टेजवर रिंगचा आवाज ठरवणारा ॲम्प्लिफायर.

इंजिनियरिंगला असताना लॅमिंग्टन रोडवरून सुटे पार्ट आणून मी ब्रेडबोर्डवर हे जोडून बघितलंय. खरी गंमत कपॅसिटरमध्ये आहे. १०० किलोओहमचा रेझिस्टर आणि १० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घेतला तर टाकीचा वेग साधारण एक सेकंदाचा येतो. याहून फार कमी ठेवला तर कुणी एक टाळी वाजवली तरी रिंग दचकते. फार जास्त ठेवला तर गाडीचा हॉर्न येऊन गेला तरी सर्किट विचारच करत बसतं.

पण या सगळ्यात एक मोठी अडचण लपलेली आहे. फोन वाजायला लागला की त्याचा मायक्रोफोन त्याचीच रिंग ऐकतो. त्याला वाटतं, ‘अरे, गोंगाट वाढला!’ मग तो रिंग वाढवतो. वाढलेली रिंग परत ऐकतो, आणखी वाढवतो. हाच तो भडकवणारा फीडबॅक.

यावर उपाय म्हणजे वाजताना ऐकायचंच नाही. एकतर रिंग सुरू व्हायच्या आधी गोंगाट मोजायचा, नाहीतर दोन रिंगच्या मधल्या शांततेत. आपल्या लँडलाइनची ‘ट्रिंग-ट्रिंग’ आठवा. ०.४ सेकंद वाजणार, ०.२ सेकंद गप्प, परत ०.४ सेकंद वाजणार आणि मग तब्बल २ सेकंद गप्प. ती दोन सेकंदांची खिडकी गोंगाट मोजायला पुरेशी आहे. आवाज आपोआप जुळवून घेणाऱ्या अनाउन्समेंट यंत्रणासुद्धा हीच युक्ती वापरतात. घोषणा थांबली की मोजतात, आणि पुढची घोषणा त्या मापाने करतात.

आउटडोअर प्रोफाइलची पिढी

भारतात पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ ला झाला, कोलकात्याहून ज्योती बसू आणि दिल्लीत सुखराम. पुढच्या दहा वर्षांत नोकिया घरोघरी पोचला आणि आपल्याला काही शब्द पाठ झाले: जनरल, सायलेंट, मीटिंग, आउटडोअर. गंमत बघा, ‘आउटडोअर’ म्हणजे नेमकं हेच काम, फक्त गोंगाट मोजायचं काम आपल्याकडे. घरातून निघालो की आउटडोअर, ऑफिसात शिरलो की मीटिंग. रात्री परत जनरल करायला विसरायचं आणि घरच्यांची बोलणी खायची!

मग फोन थोडा शहाणा झाला. मोटोरोलाच्या १९९६ च्या स्टारटॅकमध्ये व्हायब्रेशन आलं. एचटीसीने २०१० च्या सुमाराला आपल्या फोनमध्ये ‘पॉकेट मोड’ दिला: फोन खिशात किंवा पर्समध्ये आहे असं वाटलं की रिंग मोठी, हातात उचलला की लगेच बारीक. ॲपलने २०२३ मध्ये एअरपॉड्सना भोवतीच्या गोंगाटाप्रमाणे जुळवून घ्यायला शिकवलं. पण साध्या फोनची साधी रिंग बहुतेकांच्या खिशात आजही जिथे होती तिथेच आहे.

का? पार्ट महाग आहेत म्हणून नाही. मला चार कारणं दिसतात.

पहिलं, खिसा. खिशातल्या मायक्रोफोनवर कापड घासतं, आणि ती खरखर त्याला वादळासारखी वाटते. शांत खोलीत नुसतं चाललात तरी त्याला बाजारात असल्यासारखं वाटू शकतं.

दुसरं, गणित. धोक्याचा इशारा गोंगाटात नक्की ऐकू यावा यासाठी आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, की तो भोवतीच्या आवाजापेक्षा साधारण १५ डेसिबल वर हवा. डेसिबलचं गणित गुणाकाराचं असतं, त्यामुळे १५ डेसिबल म्हणजे जवळपास ३२ पट शक्ती. समजा डब्यात ८० डेसिबल आहे, तर रिंग ९५ ची लागेल. नखाएवढ्या स्पीकरला खिशात बसून ते झेपत नाही.

तिसरं, विश्वास. असं सर्किट चालायला मायक्रोफोन सतत थोडा तरी जागा ठेवावा लागतो. गोंगाट मोजायला शब्द कळायची गरज नसते, फक्त टाकीतलं पाणी बघायचं असतं. पण ते लोकांना पटवायचं कसं? मायक्रोफोन चालू असला की स्क्रीनवर छोटा ठिपका दिसतो, आयफोनवर २०२० पासून आणि अँड्रॉइडवर २०२१ पासून. तो ठिपका दिवसभर पेटलेला दिसला तर आपल्यापैकी किती जण फोन निवांत खिशात ठेवतील?

चौथं कारण मला सगळ्यात मोठं वाटतं. त्यासाठी मुंबईच्या एका सिग्नलवर जावं लागेल.

उलटा चालणारा सिग्नल

२०१९ च्या अखेरीस मुंबई वाहतूक पोलिसांनी काही चौकांत सिग्नलच्या खांबांना डेसिबल मीटर जोडले: सीएसएमटी, मरीन ड्राइव्ह, पेडर रोड, हिंदमाता आणि वांद्रे. ३१ जानेवारी २०२० ला त्यांनी त्याचा व्हिडिओ टाकला आणि तो देशभर फिरला. सिग्नल लाल असताना हॉर्नचा आवाज ८५ डेसिबलच्या वर गेला, की लाल दिव्याचे सेकंद पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात. जेवढा हॉर्न जास्त, तेवढं थांबणं जास्त.

आता सर्किटच्या नजरेने बघा. फोनवाल्या सर्किटमध्ये आणि या खांबावर सुरुवात अगदी सारखी आहे: मायक्रोफोन, ॲम्प्लिफायर, सरासरी, मर्यादा. फरक फक्त शेवटच्या तारेचा. फोनचं सर्किट म्हणतं, ‘गोंगाट वाढला, मग मीही वाढतो.’ सिग्नलचं सर्किट म्हणतं, ‘गोंगाट वाढला, मग तुम्ही थांबा.’ पहिलं भडकवणारं, दुसरं सावरणारं.

एका डब्यात एकच फोन असं वागला तर काही बिघडत नाही. पण शंभर फोन, शंभर रील्स आणि त्यांच्यावरून बोलणारी शंभर माणसं, सगळ्यांनीच एकमेकांचा आवाज मोजून आपला वाढवला तर? अख्खा डबा स्पीकरसमोर धरलेला माइक होईल. कायद्याने राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, २००० सालच्या नियमांनुसार. वसई-विरारमध्ये कुठल्याही स्टेशन रोडवर उभं राहून फोनमधलं फुकटचं मीटर ॲप उघडा, आणि आकडा स्वतःच बघा. ॲपचं माप अगदी अचूक नसतं, पण अंदाज येतो.

मोठा म्हणजे स्पष्ट नव्हे

मग गोंगाटात इशारा पोचवायचा कसा? याचा सगळ्यात चांगला अभ्यास विमानांच्या कॉकपिटमध्ये झाला. १९८२ मध्ये केंब्रिजचे शास्त्रज्ञ रॉय पॅटरसन यांनी ब्रिटनच्या विमान वाहतूक खात्यासाठी अहवाल लिहिला. त्यांना दिसलं, की इशाऱ्यांचे भोंगे गरजेपेक्षा फार मोठे होते. भोंगा वाजला की पायलट आधी तो बंद करायला धावायचा आणि मग काय बिघडलंय याचा विचार करायचा. त्यांची शिफारस अशी होती: गोंगाटाच्या वर १५ ते २५ डेसिबल एवढाच आवाज ठेवा, तो हळू चढवा, आणि एकच सूर लावण्याऐवजी अनेक सुरांचा मिळून बनवा. गोंगाटाने एक सूर गिळला तरी दुसरा पोचतो.

पक्षीसुद्धा हे करतात. नेदरलँड्सच्या लायडन शहरातल्या छोट्या ‘ग्रेट टिट’ पक्ष्यांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. जिथे रहदारीची घरघर जास्त, तिथले पक्षी आपलं गाणं वरच्या सुरात नेत होते. ट्रॅफिकचा आवाज खालच्या सुरात असतो, त्याला चुकवून.

पण माणसांच्या बाबतीत वरचा सूर उलटा पडतो, आणि हे मला पुस्तकात कळायच्या आधी घरात कळलं. माझे बाबा वसई पूर्वेला एका छोट्या प्रेस शॉपमध्ये तीस वर्षं कामाला होते. दिवसभर पत्र्यावर डाय आपटायची. कानात घालायला कापसाचा बोळा, तोही स्वतःच आणलेला. कायद्याच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबलची मर्यादा होती, आणि गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा फॅक्टरी ॲक्टच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत होता. बाबांना यातलं काही कुणी सांगितलं नव्हतं. आज त्यांच्याशी बोललं तर ऐकू येतं, फक्त फोनची रिंग येत नाही. आई म्हणते, ‘मुद्दाम उचलत नाहीत!’

मुद्दाम नाही. गोंगाटाने जाणारे कान आधी साधारण ४००० हर्ट्झच्या आसपास जातात. फोनचा छोटा स्पीकर खालचे सूर काढू शकत नाही, म्हणून बहुतेक रिंगटोन नेमक्या त्याच वरच्या भागात किणकिणतात. म्हणजे इशारा बरोबर पडक्या भिंतीवर जाऊन आपटतो. व्हॉल्यूम फुल्ल केला की बाबांना थोडंसं ऐकू येतं आणि बाकीच्या घराचं डोकं दुखतं.

आग लागल्यावर वाजणाऱ्या अलार्मबाबत हेच अनुभवाला आलंय. नेहमीचा तीक्ष्ण अलार्म ३००० हर्ट्झच्या थोडा वर वाजतो, आणि झोपलेली वयस्कर माणसं त्याने उठतीलच असं नाही. ५२० हर्ट्झचा जाड, घोगरा आवाज त्यांना कितीतरी चांगला उठवतो. अमेरिकेच्या अग्निसुरक्षा नियमांत झोपायच्या खोल्यांसाठी आता तोच सांगितलाय. इथे प्रश्न मिस्ड कॉलचा नसतो, जिवाचा असतो.

बाबांच्या फोनवर मी हार्मोनियमच्या मधल्या सप्तकातली एक जाड रिंगटोन लावली, व्हायब्रेशन चालू केलं, आणि फ्लॅशलाइटचा इशारा सुरू केला. व्हॉल्यूम होता त्यापेक्षा दोन घरं खाली आणला. आता दहापैकी आठ कॉल ते उचलतात. उरलेले दोन, आई म्हणते ते खरं असावं.

मग फोनने काय करावं?

माझं मत सांगतो. गोंगाट ऐकणारं सर्किट फोनमध्ये असावं, पण त्याची शेवटची तार नुसत्या व्हॉल्यूमला जोडू नये. शांतता असेल तर त्याने आवाज खाली आणावा, हे काम त्याला उत्तम जमेल आणि कुणाला त्रासही नाही. एसी लोकल २५ डिसेंबर २०१७ ला सुरू झाली. तिच्या बंद डब्यात साध्या डब्यातली रिंग किती कर्कश वाटते, हे रोज जाणाऱ्यांना सांगायला नको. आणि गोंगाट वाढला तर आवाजाच्या मागे न लागता त्याने वाट बदलावी: सूर बदलावा, जोरात थरथरावं, हातातल्या घड्याळाला सांगावं.

तोवर ही तीन कामं आपल्या हातात आहेत. सेटिंगमध्ये रिंग हळूहळू वाढवण्याचा पर्याय असेल तर तो चालू करा. घरातल्या साठीच्या पुढच्या माणसांची रिंगटोन एकदा त्यांच्यासोबत बसून निवडा, त्यांनाच ऐकवून. आणि कारखान्यात, वर्कशॉपमध्ये किंवा डीजेवर काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांना एकदा कान तपासून घ्यायला सांगा. सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात ऑडिओमेट्री होते. जे ऐकू येणं गेलं ते परत येत नाही, पण उरलेलं सांभाळता येतं.

पुढच्या भागात रेल्वेच्या अनाउन्समेंटबद्दल बोलू. तुमच्या घरी कुणाला रिंग ऐकू येत नसेल आणि तुम्ही काही जुगाड केला असेल, तर व्हॉइस नोट पाठवा, निवडक आपण ऐकवू. शांत जागी बसून रेकॉर्ड करा म्हणजे झालं!